नवव्या डेकचे गुण

दि. ४ सप्टेंबर

चि. धाकट्यास,

अ. उ. आ.

आज गठ्ठ्यातली शेवटची उत्तरपत्रिका तपासून झाली आणि मनगट सुजून टम्म झालं आहे, त्यामुळे माझ्या अक्षराला हसू नकोस. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी परीक्षा मंडळ मला सोडत नाही आणि खरं सांगायचं तर मीही त्याला सोडत नाही. माझ्या गठ्ठ्यात दहापैकी आठच्या वर कुणी जात नाही, ही ओरड चौतीस वर्षं ऐकते आहे. बाबा आठसुद्धा देत नसत, हे त्या ओरडणाऱ्यांना कोण सांगणार!

आता बातमी ऐक. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून मुलाने दोन तिकिटं हातावर ठेवली. सात दिवसांची समुद्रसफर. मी म्हटलं, मला सात दिवस नुसतं झोपू दिलं असतंत तरी चाललं असतं. पण मग तिकिटावर जहाजाचं नाव वाचलं. तुझंच जहाज! मुलगा म्हणाला की मामा काही घरी येत नाही, तेव्हा आपणच मामाकडे जाऊन धडकावं. अठरा वर्षांत तू सलग दोन महिनेसुद्धा घरी राहिला नाहीस, आणि दरवेळी हा शेवटचा करार असं सांगून जातोस. तुझी बायको आता या वाक्यावर मानसुद्धा वर करत नाही.

तर आम्ही तिथे काय अपेक्षा ठेवायची ते नीट लिही. कपडे किती, उलट्या होतात का, खोलीत पंखा असतो का, आणि मुख्य म्हणजे तू भेटशील का. तुझ्या भाऊजींना फक्त एकच जाणून घ्यायचं आहे, ते म्हणजे जेवण दिवसातून किती वेळा. छापखान्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांना दुसरा उद्योग उरलेला नाही.

तब्येतीची हेळसांड करू नकोस. माया आहेच, ती पत्रातून वेगळी काय पाठवायची.

तुझी,
ताई


दि. १५ सप्टेंबर, जहाजावरून

ती. सौ. ताईस,

सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी उभ्या उभ्या वाचलं, कारण बसायला मिळालं असतं तर झोप लागली असती. तुम्ही येताय याचा इतका आनंद झाला की शेजारच्या माणसाला त्याच्या भाषेत सांगायला गेलो आणि शब्दच सुचेना.

अपेक्षा बेताच्या ठेव, म्हणजे मजा येईल. जाहिरातीत एक जोडपं रिकाम्या डेकवर उभं असतं आणि मागे समुद्र. तो डेक फक्त फोटोपुरता रिकामा असतो. आमच्याकडे साडेतीन हजार पाहुणे आणि तेराशे कर्मचारी, म्हणजे एक अख्खं गाव लोखंडी पेटीत घालून पाण्यात सोडलेलं. पहिला दिवस रांगेतच जाईल. कागदपत्रांची रांग, तपासणीची रांग, एक माणूस जबरदस्तीने फोटो काढतो त्याची रांग आणि मग जेवणाची. बॅगा खोलीत यायला संध्याकाळ होते, म्हणून औषधं, चष्मा आणि एक जोड कपडे हातातल्या पिशवीत ठेव. मग भोंगा वाजेल आणि लाइफ जॅकेट कसं घालायचं ते दाखवतील. लोक तेव्हा गप्पा मारत बसतात. तू त्यांना गप्प करशील याची मला खात्री आहे, पण तेवढं करू नकोस, जॅकेट घालून दाखवणारा माझा मित्र आहे आणि त्याला सवय आहे.

तुमची खोली आतली आहे, खिडकी नाही. दिवा मालवला की दिवस का रात्र ते कळत नाही. आपल्या जुन्या स्वयंपाकघराएवढ्या जागेत पलंग, टेबल, कपाट, न्हाणीघर असं सगळं कोंबलेलं आहे. पंखा नाही, थंड हवा आहे, आणि ती कमी करायचं बटण काम करत नाही. शाल आण. जहाज एवढं मोठं आहे की हलतं ते फारसं कळत नाही. कळलंच तर खालच्या मजल्यावर, मधल्या भागात जाऊन बस. भाऊजींना सांग की जेवण दिवसभर चालूच असतं. पहिल्या दिवशी लोक ताटात डोंगर रचतात, तिसऱ्या दिवशी कंटाळतात आणि पाचव्या दिवशी टोस्ट आणि चहा मागतात. तिकिटात जेवण, चहा, खोली आणि नाचगाणं आलं. बाकी जे जे कुणी हसून पुढे करेल ते वेगळं समज. तरणतलावाशेजारच्या खुर्च्या सकाळी सातलाच टॉवेल टाकून अडवलेल्या असतात, त्यावरून भांडू नकोस. बंदरावर उतरलात तर परतीची वेळ पाळा. जहाज कुणासाठी थांबत नाही. दर फेरीला दोघंचौघं धक्क्यावर ऊर फुटेस्तोवर धावत येतात आणि वरचे लोक त्यांना पाहून टाळ्या वाजवतात. मला तो देखावा बघवत नाही.

आता आपल्या भेटीचं. पाहुण्यांच्या यादीत तुमच्या खोलीचा नंबर पाहिला. नववा डेक. नवव्या डेकचा सुपरवायझर मीच. म्हणजे तू माझ्या मजल्यावर येते आहेस, तरी मला तुझ्या खोलीत पाच मिनिटं टेकता येणार नाही. कर्मचाऱ्याने पाहुण्यांत बसायचं नाही, त्यांच्या टेबलावर जेवायचं नाही, असा नियम आहे, मग पाहुणी सख्खी बहीण का असेना. चालता चालता दोन शब्द होतील. म्हणून तू पत्र लिही. प्रत्येक दाराबाहेर एक चिमटा असतो, त्यात मी रोजचा कार्यक्रमाचा कागद लावतो. तुझं पत्र तिथे ठेव, माझंही तिथेच मिळेल.

आणि आता खरी बातमी, जी मी फक्त तुला आणि घरी कळवली आहे. कंपनी आपल्याच शहरात नव्या मुलांना शिकवण्याचं केंद्र काढते आहे. तिथे एक शिक्षक हवा आहे, जमिनीवरची नोकरी, संध्याकाळी सहाला घरी. माझं आणि सहाव्या डेकच्या सुपरवायझरचं, अशी दोन नावं उरली आहेत. मोसमातल्या शेवटच्या फेरीत पाहुणे फॉर्मवर जे गुण देतात त्यावर ठरणार. शेवटची फेरी म्हणजे तुम्ही येताय तीच. चिमणी पाच वर्षांची होती तेव्हापासून तिच्या एकाही वाढदिवसाला मी घरी नव्हतो. ती आता बारा वर्षांची आहे. ताई, मी फार थकलो आहे. पाय संध्याकाळी बुटातून निघत नाहीत. हे झालं तर मी पुन्हा जहाजाच्या शिडीवर पाय ठेवणार नाही.

भाऊजींना नमस्कार. तुझा हात पाठीवर आहे असं धरून चालतो.

तुझा,
धाकटा


दि. ९ ऑक्टोबर, जहाजावर, दुसरा दिवस

चि. धाकट्यास,

अ. उ. आ.

काल कॉरिडॉरमध्ये तू समोरून आलास आणि मी ओळखलं नाही. पांढरा कोट, छातीवर पट्टी, कडक इस्त्री आणि चेहऱ्यावर ते हसू. ते हसू मला अजिबात आवडलं नाही. लहानपणी तू पडलास की रडायच्या आधी तसा हसायचास. मग तू हळूच माझ्या हातातली पिशवी घेतलीस तेव्हा ओळख पटली. तेवढ्यात कुणीतरी मागून टॉवेल मागितला आणि तू गेलास.

तू लिहिलंस ते सगळं खरं निघालं. माणसंच माणसं! लिफ्टची वाट बघता बघता मी एक अख्खं मासिक वाचून काढलं. दर तासाला भिंतीतून एक बाई बोलते आणि कसल्या तरी खेळाला बोलावते. काल फोटोवाल्याने आम्हाला अडवून लाकडी सुकाणूमागे उभं केलं. तुझे भाऊजी त्यात गुन्हेगारासारखे दिसतात. त्यांनी कार्यक्रमाच्या कागदात छपाईच्या सात चुका काढल्या असून तो कागद ते खाली ऑफिसात नेऊन देणार होते, मी कसंबसं आवरलं. सकाळी अंडी, मग बिस्किटं, मग जेवण, मग सूप, मग पुन्हा जेवण. बसल्या जागी उसासे टाकतात आणि परत उठतात.

खोली मात्र स्वच्छ आहे, हे कबूल केलं पाहिजे. आमचा केबिनवाला कोवळ्या चेहऱ्याचा, कुठल्या दूरच्या देशाचा आहे. काल आम्ही जेवून येईपर्यंत पलंग आवरलेला, चष्मा पुसून ठेवलेला. काल त्याला दमलेला पाहिला म्हणून आज मीच पलंग आवरून ठेवला, तर त्याने येऊन तो पुन्हा उसकटला आणि पहिल्यापासून घातला. मी तासभर रागावले होते. मग लक्षात आलं, माझी तपासलेली उत्तरपत्रिका कुणी परत तपासली असती तर मीही हेच केलं असतं.

तुझ्या नोकरीचं मी देवाला रोज सांगते आहे. तू घरी येणारच, असं माझं मन सांगतं. उद्या तरी दोन मिनिटं थांब.

तुझी काळजी करणारी,
ताई


दि. ११ ऑक्टोबर, चौथा दिवस

ती. सौ. ताईस,

सा. न. वि. वि.

आज दोन मिनिटं थांबलो आणि त्यातलं एक मिनिट तू माझी कॉलर नीट करण्यात घालवलंस. नऊशे सहा नंबरची बाई ते पाहून हसली आणि तिने मला विचारलं, ही तुमची शिक्षिका का. मी हो म्हणालो. खोटं नव्हतंच.

कृपा करून पलंग आवरू नकोस. त्याच्याकडे अठरा खोल्या आहेत आणि प्रत्येकीला ठरलेली मिनिटं. तू घातलेली घडी वेगळी असते, ती मोडून पुन्हा घालण्यात त्याचा वेळ दुप्पट जातो. तो तुला घाबरून आहे. मला म्हणाला की म्हातारीबाई दारात उभी राहून बघते तेव्हा त्याला उशी कुठे ठेवायची ते आठवत नाही.

या फेरीत माझी तारांबळ उडाली आहे. सहाव्या डेकवाला पाहुण्यांना उघड सांगत फिरतो की दहाच द्या, घरी बायको वाट बघते आहे. सगळेच सांगतात, तसा रिवाजच आहे. मला ते जमत नाही. परवा तुलाही त्या फॉर्मबद्दल काही सांगावं असं वाटलं होतं. कागद हातात घेतला आणि ठेवून दिला. भूगोलाच्या पेपरात अर्ध्या गुणासाठी मी बाबांकडे गेलो होतो ते आठवतं का? त्यांनी मला अर्धा गुण दिला नाहीच, वर तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आपल्या घरात चोरी एकवेळ चालली असती, गुण मागणं नाही. आणि तुला मी ओळखतो. तुझ्याकडून जे मिळेल ते रास्तच असेल, त्यामुळे मी निर्धास्त आहे.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी बॅगा दाराबाहेर ठेवायच्या, त्या आम्ही उतरवून नेतो. दुसऱ्या दिवशीचे कपडे आठवणीने बाहेर काढून ठेवा. अंगावरच्या रात्रीच्या कपड्यांत उतरणारे दर फेरीला निघतात.

भाऊजींच्या गुडघ्याला जप. मला विसरू नकोस, एवढ्या गर्दीतसुद्धा.

तुझा,
धाकटा


दि. १४ ऑक्टोबर, शेवटचा दिवस

चि. धाकट्यास,

अ. उ. आ.

तू बजावून सांगितलंस तरी तुझ्या भाऊजींनी आपल्या सगळ्या विजारी बॅगेत भरल्या आणि बॅग गेली. उद्या ते पट्ट्यापट्ट्यांच्या लेंग्यात उतरणार आहेत. वर म्हणतात की गर्दीत कोण बघतं. मी शंभर पावलं मागे चालणार आहे.

खरं सांगू का, मी आले होते त्याहून जास्त दमून परत चालले आहे. काहीच न करता माणूस एवढा कसा दमतो? तिन्ही बंदरं मी पाहिली, पण मला आठवतात ती फक्त दुकानं आणि घड्याळ. तुझ्याशी मोजून अकरा मिनिटं बोलले. त्या मानाने पत्रांनीच जास्त भेट झाली.

फॉर्म आज भरून पेटीत टाकला. तुला कळावं म्हणून लिहिते, तू विचारणार नाहीस. आमच्या केबिनवाल्याला दहापैकी आठ दिले. चौतीस वर्षांत माझ्या हातून आठ किती जणांना गेले ते बोटांवर सांगता येईल. त्याच्या हाताला वळण आहे.

त्याखाली मजल्याच्या सुपरवायझरसाठी वेगळा रकाना होता. तिथे पेन हातात धरून मी अर्धा तास बसले. तुझं काम मी सात दिवस पाहिलं. एका आजीबाईंना तू जेवणघरापर्यंत हात धरून नेलंस, रागावलेल्या माणसासमोर मान खाली न घालता उभा राहिलास, त्या कोवळ्या केबिनवाल्यावर एकदाही आवाज चढवला नाहीस. आठ हे तुझे हक्काचे होते. पण तू माझा भाऊ आहेस. आपल्या दोघांचे पेपर बाबांच्या गठ्ठ्यात आले की ते सगळं तपासून शेवटी एक गुण कमी करायचे, कुणी पक्षपाताचं बोट दाखवू नये म्हणून. मीही माझ्या मुलाचा पेपर तसाच तपासला होता. आणि इथे तर तुझ्या नोकरीचा प्रश्न. उद्या कुणी म्हणायला नको की याला बहिणीने वर चढवलं. म्हणून सात दिले, आणि खाली अर्धं पान भरून लिहिलं की असा माणूस मुलांना शिकवायला मिळाला तर कंपनीचं भाग्य. सात म्हणजे पहिला वर्ग. बाबा असते तर त्यांनी मान डोलावली असती.

उद्या शिडीपाशी दिसशील ना? नसशील तर आता घरीच भेटू, आणि या खेपेला कायमचे.

आशीर्वाद आहेतच, ते कमी पडणार नाहीत.

तुझी,
ताई


दि. १९ ऑक्टोबर

माननीय महोदया,

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपण आमच्या जहाजावर नवव्या डेकवर मुक्काम केलात, याबद्दल आम्ही आभारी आहोत. आपण दिलेल्या फॉर्ममध्ये मजल्याच्या सुपरवायझरला दहापैकी सात गुण मिळाल्याचं आढळलं. आठपेक्षा कमी गुण ही कंपनीच्या नियमानुसार पाहुण्यांची तक्रार धरली जाते, आणि संबंधित सुपरवायझरने स्वतःच्या हस्ताक्षरात, पाहुण्यांच्या भाषेत क्षमापत्र पाठवावं असा दंडक आहे.

आपल्या अपेक्षांना मी उतरलो नाही, याचा मला मनापासून खेद आहे. आपण शेऱ्यात केवळ प्रशंसाच लिहिली असल्यामुळे माझी नेमकी चूक कोणती ते मला समजू शकलं नाही. तरी ती शोधून मी सुधारणा करीन. आपल्याला पुन्हा असा अनुभव येणार नाही, अशी ग्वाही देतो.

आपला नम्र,
सुपरवायझर, नववा डेक

(एक प्रत मुख्य कार्यालयाकडे)


दि. २६ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,

अ. उ. आ.

तुझं अक्षर ओळखून पाकीट फोडलं आणि कपाळाला हात लावला. ही कसली थट्टा? मला महोदया म्हणतोस, आपण म्हणतोस? तुझ्या भाऊजींनी ते दोनदा वाचलं. म्हणाले की शुद्धलेखनाची एकही चूक नाही आणि तरी सगळं चुकलेलं आहे.

मग तिसऱ्यांदा वाचलं आणि तक्रार हा शब्द दिसला. मी तक्रार कधी केली? अर्धं पान स्तुती लिहिली, ती कुणी वाचली की नाही? सातला तक्रार म्हणणारे हे लोक कोणत्या शाळेत शिकले? नियमच असला तर तुझ्या नोकरीचं काय झालं ते आधी लिही. तुझ्या बायकोने तुझ्यासाठी अर्धं कपाट रिकामं केलं आहे आणि मला रोज विचारते की पत्र आलं का. मी काय सांगू?

उलट टपाली लिही. माझा जीव टांगणीला लागला आहे.

तुझी,
ताई


दि. ५ नोव्हेंबर, जहाजावरून

ती. सौ. ताईस,

सा. न. वि. वि.

नोकरी सहाव्या डेकवाल्याला मिळाली. शेवटच्या फेरीत एक जरी तक्रार आली तर नाव यादीतून जातं. बाकीच्या सगळ्यांनी मला नऊ आणि दहा दिले होते. एकच तक्रार होती. साहेबांनी मला बोलावून विचारलं की या बाईंचं आणि तुझं काही वाकडं आहे का. मी नाही म्हणालो. बहीण आहे असं सांगितलं असतं तर ते तुझ्यावर हसले असते, ते मला सहन झालं नसतं. काल नव्या करारावर सही केली. नऊ महिने.

ते क्षमापत्र मला तीनदा लिहावं लागलं, कारण पहिली दोन साहेबांना पुरेशी नम्र वाटली नाहीत.

ताई, आजवर मी तुझ्यावर कधी रागावलो नाही. आज रागावलो आहे. मला दहा नको होते, नऊ नको होते. तू आठ देतेस हे मला माहीत होतं आणि आठ चाललं असतं. म्हणून तर मी फॉर्मबद्दल एक अक्षर बोललो नाही. त्या केबिनवाल्याला तू सात दिवस ओळखतेस, त्याला तू त्याच्या हक्काचं दिलंस. मी परका असतो तर आज घरी असतो. बाबांनी लहानपणी कापलेले गुण मी कधी मागितले नाहीत, कारण ते बाबा होते आणि पेपर सहामाहीचा होता. हा सहामाहीचा पेपर नव्हता. तुला ते कळत होतं, कळूनही तू बाबांना मान डोलवायला लावलीस. ते नाहीत गं आता. मी आहे.

घरी अजून कळवलेलं नाही. धीर होत नाही.

जास्त काय लिहिणार. पाय सुजलेत. भाऊजींना नमस्कार.

धाकटा


दि. १६ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,

अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं. त्यात खोडण्यासारखं एक अक्षर नाही.

मी लगेच कंपनीला लिहिलं की माझा हिशेब चुकला, सातच्या जागी आठ करावेत. आयुष्यात पहिल्यांदा मी दिलेले गुण बदलून मागितले. उत्तर तीन दिवसांतच आलं. एकदा नोंदलेले गुण बदलत नाहीत, असं नम्रपणे लिहिलं आहे आणि पुढच्या सफरीसाठी सवलतीची चिठ्ठी जोडली आहे. दाराशी रडत आलेल्या किती आईबापांना मी हेच उत्तर दिलं, ते मला एकेकाच्या चेहऱ्यासकट आठवलं. चिठ्ठी तुझ्या भाऊजींनी फाडून टाकली. माझ्यासमोर नाही, स्वयंपाकघरात जाऊन.

तुझ्या घरी मी जाऊन आले. तुला धीर होत नव्हता आणि हे सांगायचं काम तसंही माझंच होतं. तुझ्या बायकोला म्हटलं की तो येणार नाही आणि ते माझ्यामुळे. नियम, फॉर्म, सात, आठ, सगळं सांगितलं. तिने चहा टाकला, माझ्यापुढे ठेवला आणि आत जाऊन पलंगावर ठेवलेले आपले कपडे एकेक घडी करून कपाटाच्या रिकाम्या बाजूला लावायला लागली. मी तिथेच बसून राहिले. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

चिमणी शाळेतून आली. तिला काहीतरी समजलं होतं, किती ते मला ठाऊक नाही. दर शनिवारी ती मला निबंधाची वही आणून देते हे तुला माहीत आहे. परवा मी आपणहून वही मागितली, बोलायला काहीतरी हवं म्हणून. तिने ती दिली. निबंध तुझ्यावर होता, बाबा घरी येतात तो दिवस. दीड पान. मी पेन काढलं. मग ती माझ्याजवळ आली आणि अगदी हलक्या हाताने, मला वाईट वाटू नये अशा बेताने, वही माझ्या मांडीवरून उचलून घेतली. म्हणाली की आत्या, हा तपासायचा नाही.

धाकट्या, मी त्या जहाजावर बहीण म्हणून आले होते. सात दिवस मला ते एकदाही आठवलं नाही. माझी चूक झाली आणि तिची किंमत तू भरतो आहेस, नऊ महिने तू आणि घरी त्या दोघी. मंडळाला मी कळवलं आहे की यापुढे गठ्ठे पाठवू नका. त्याने तुझं काहीच भरून येत नाही, हे मला कळतं.

लोभ असावा असं मागायला तोंड नाही. कमी झाला असेल तर तसंच लिही, पण लिही.

ताई